वरच्या फुलांचा चष्मा

दहावीच्या विज्ञानात भिंगांचा एक धडा आहे आणि तो मी गेली वीस-बावीस वर्षं शिकवतेय. फळ्यावर बहिर्वक्र भिंग काढायचं, मधून आडवी रेघ मारायची, नाभी दाखवायची, मेणबत्ती उलटी करायची. भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले नाभीय अंतर, आणि अंतर मीटरमध्येच घ्यायचं. पोरांनी सेंटिमीटरमध्ये घेतलं की माझं डोकं फिरतं. तर एवढी वर्षं हे घडाघडा बोलणारी मी, माझ्याच घरातल्या बाईच्या नाकावर नको तसला चष्मा बसवून मोकळी झाले होते. वर तोऱ्यात होते की मी केवढं काम केलं.

ती बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. आमचं गाव बीबी या बाजारगावापासून थोडं आत. मी बीबीच्या शाळेत, त्या शेतात. शेत म्हणजे आमच्याकडे आता निम्म्या शिवारावर जाळ्या आहेत, शेडनेट. त्यात टोमॅटो लावतात, पण खायला नाही, बियाण्यासाठी. कंपनी नराची आणि मादीची वेगवेगळी रोपं देते आणि त्यांचं लग्न माणसाच्या हातानं लावायचं असतं. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्यानं उघडायची. आत पुंकेसरांची पिवळी सुळकी असते, बाया तिला नर म्हणतात, ती मुळापासून काढून टाकायची आणि तिच्या पोटातला स्त्रीकेसर, शिवायच्या सुईएवढा, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टोकाला नराच्या झाडाच्या परागांची पावडर लावायची. पुंकेसराचा एक तुकडा जरी आत राहिला तरी फूल आपलं आपणच फळतं, आणि ते बी भेसळीचं निघतं.

मी एकदा हौसेनं बसले होते. पहिल्याच कळीची मान मोडली. दुसरीची पण. तिसरीला बाईंनी माझ्या हातातून चिमटा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू जाय, पोरं शिकव. इथं बिचाऱ्या कळ्या मरून राह्यल्या."

बाईंचं शिक्षण चौथी. पण जाळीत त्यांचा हात पाहावा. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी, उजव्यात चिमटा, एक बारीक चीर, एक हलका ओढा, संपलं. सुळकी अख्खीच्या अख्खी बाहेर. मी घड्याळ लावून पाहायचा प्रयत्न केला तर मोजणंच जमेना, कारण त्या मधे थांबतच नाहीत. गावातल्या आठ बायकांची टोळी त्यांच्या हाताखाली. त्यातल्या बहुतेकींना हे काम त्यांनीच शिकवलेलं. कंपनीचा सुपरवायझर तालुकाभर हिंडतो, पण नवीन गावात बायकांना शिकवायचं असलं की आमच्या बाईंना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन जायचा. मला तर कुणी कधी व्याख्यानाला नेलं नाही.

पन्नाशीला आल्या आणि त्यांना जवळचं दिसेना. यात नवल काहीच नाही, ते सगळ्यांचं होतं. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळ पाहताना फुगतं, लांब पाहताना चपटं होतं. वय झालं की ते ताठर होतं, फुगायचं नाव घेत नाही. आमच्या पुस्तकात त्याला वृद्धदृष्टिता असं भारदस्त नाव आहे. बाई सुईत दोरा ओवताना हात लांब लांब नेऊ लागल्या, तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं चला, डोळे तपासू. त्यांनी ऐकलं नाही. परस्पर बाजारातल्या हातगाडीवरून एक तयार चष्मा घेऊन आल्या. त्यात जवळचं दिसे, पण मान वर करून टोळीकडे पाहिलं की बायकांचे चेहरे पुसले जायचे. दोनदा ठिबकच्या नळीत पाय अडकून पडल्या. मग मात्र मी चिडले आणि आमच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं, तिथं त्यांना धरून नेलं.

आता माझा पराक्रम ऐका. लांबचं तपासून झालं, ते चांगलं होतं. मग तपासणाऱ्यानं जवळचं कार्ड त्यांच्या हातात दिलं, बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचं, आणि म्हणाला, "काकू, तुम्ही काम करताना धरता तसं धरा." बाईंनी ते कार्ड उचललं आणि कपाळाच्याही वर नेलं, हनुवटी वर करून. रांगेतल्या बाया हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शाळा माझी, रांगेत माझ्या विद्यार्थिनींच्या आया. मी पुढे झाले आणि त्यांचा हात खाली ओढला. म्हटलं, "काय हे बाई, आरती ओवाळताय का? पुस्तक धरतात तसं छातीशी धरा." त्यांनी निमूटपणे तसं धरलं. त्या अंतराला, त्या जागी, दोन नंबरनं स्वच्छ दिसलं. कागदावर तसं लिहून आलं आणि चष्मा बनला: वर साधी काच, खाली वाचायच्या नंबरचा अर्धगोल तुकडा, म्हणजे चांद. फ्रेमसुद्धा मीच पसंत केली, तपकिरी.

सुरुवातीला सगळं छान. खालच्या फांद्यांना पहिले घड आले तेव्हा बाई बुटक्या पाटावर बसून, मान खाली घालून काम करायच्या. चष्मा त्यांना एवढा मानवला की आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या मास्तरीनबाईनं आनला." मी आपली फुगून बसलेले.

टोमॅटोची ही जात सुतळीवर चढवतात. सुतळी वर तारेला बांधलेली असते आणि झाड तिच्यावर चढत जातं. झाड चढतं तसे घडही वर वर येतात. आधी गुडघ्याशी, मग कमरेशी, छातीशी, आणि थंडी पडेपर्यंत डोक्याच्या वर. ही गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहत होते. पाहत होते म्हणजे शाळेतून येता-जाता रस्त्यावरून, जाळीच्या बाहेरून.

एका सोमवारी सुपरवायझर आला आणि बाईंच्या ओळींतले घड उघडून उघडून पाहत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला. बाईंना तो फार मानायचा, त्यामुळे त्याला बोलायलाही जड जात होतं. म्हणाला, "काकू, वरच्या घडांत नर राहून राह्यले. एक-दोन नाई, लय हायेत. आठ दिवसांनी मी पुन्हा येतो. असंच राह्यलं तर प्लॉट रद्द करा लागन, झाडं उपटा लागतीन. अन् पुढच्या साली तुमाले रोप भेटनार नाई. माह्या हातात नाई ते."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा पाहिलं, बाईंनी आपला चिमटा टोळीतल्या सगळ्यात धाकट्या सुनेच्या हातात दिला आणि स्वतः बायकांसाठी पाण्याची घागर उचलली. मला ते सहन झालं नाही. मी विचारलं, "काऊन दिला चिमटा?"

"डोळे गेले माहे," त्या म्हणाल्या. "चष्म्यातूनही दिसत नाई मंग काय करू? प्लॉट जाईन माह्यापायी. आठ घरच्या बाया हायेत. त्यायचं काम काऊन घालवू?"

शाळेत फोन करून रजा सांगितली. मुख्याध्यापक कुरकुरले, कुरकुरू दिलं. जाळीत गेले आणि म्हटलं, मला एकदा करून दाखवा. त्यांनी नको नको म्हणत एक घड धरला. मान मागे टाकली, इतकी मागे की हनुवटी आभाळाकडे. डोळे अर्धे मिटलेले. दोन कळ्या झाल्या आणि मान धरून खाली बसल्या. आणि विज्ञानाच्या या शिक्षिकेनं निष्कर्ष काय काढला? मानेचा मणका. वर नंबरही वाढला असेल. म्हटलं उठा, मेहकरला जाऊ.

मेहकरला बसस्टँडपासून थोडं आत एका अरुंद जिन्यावर एक चष्म्याचं दुकान आहे. दुकानदार साठीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. कुणीतरी मला सांगितलं होतं की हा माणूस चष्मा विकत नाही, बसवतो. मला तो फरक तेव्हा कळला नव्हता. गेल्या गेल्या मी बोलायला सुरुवात केली की शिबिरात नंबर चुकला असणार, दोन दिलाय, बघा जरा.

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाईंचा चष्मा काढून घेतला, धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसला आणि हात लांब करून खिडकीसमोर धरला. खिडकीला उभे लोखंडी गज होते. चष्म्याच्या चांदातून ते एका गजाकडे पाहत होते आणि चष्मा हळूहळू उजवीकडे-डावीकडे सरकवत होते. मी विचारलं, हे काय करताय? तर मला म्हणाले, "या, पाहा." मी पाहिलं. भिंग उजवीकडे सरकवलं की आतला गज डावीकडे पळत होता. "उलटा पळतो म्हणजे जवळचं भिंग, अधिकचं. आता तुमचा द्या." माझा चष्मा लांबचा, उण्याचा. त्यातून पाहिलं तर गज भिंगाच्याच बाजूला सरकत होता, बरोबर बरोबर.

मग त्यांनी लाकडी पेटीतून एक गोल काच काढली, उण्याची, आणि बाईंच्या चांदावर ठेवली. गज अजून थोडा उलटा पळाला. दुसरी काच लावली. गज थांबला. चष्मा कितीही हलवा, गज जागच्या जागी. "ही उणे दोन," ते म्हणाले. "गज थांबला म्हणजे दोघांची बेरीज शून्य. तुमच्या चष्म्यात दोन बराबर हाय. शिबिरवाल्यानं चूक नाई केली."

वीस वर्षं मी भिंगांच्या बेरजेची उदाहरणं घालतेय. अधिक दोन, उणे दोन, उत्तर शून्य, दोन गुण. ते शून्य असं खिडकीत उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्या माणसाचा हेवा वाटला, खरं सांगते.

पण माझं तोंड कुठं गप्प बसतं. म्हटलं, नंबर बरोबर आहे तर मग दिसत का नाही?

त्यांनी बाईंना विचारलं, "काकू, काम काय करता तुमी?"

मी म्हटलं, "शेती."

"त्यायले सांगू द्या ना, मॅडम." अगदी नरम आवाजात म्हणाले, पण मी मुकाट्यानं स्टुलावर बसले.

बाईंनी सांगितलं, अडखळत. कळी, चिमटा, नर, मादी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग फ्रेमचे स्क्रू धरायचा आपला बारीक चिमटा त्यांच्या हातात दिला, चष्मा परत नाकावर ठेवला आणि म्हणाले, "हे फूल समजा. करून दाखवा, तिथं असते तसं." बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर गेले, कपाळाच्या वर, आणि मान मागे.

चष्मेवाले बाजूला जाऊन उभे राहिले आणि बाईंच्या गालाला समांतर होऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. मग ड्रॉवरमधून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि डोळ्यापासून चिमट्याच्या टोकापर्यंत लावली. बारा इंच. नंतर दरवाज्यातून जिन्यावर ऊन येत होतं तिथं गेले. चष्म्याचा चांद उन्हात धरला आणि खालच्या पायरीवर उन्हाचा ठिपका पडला तो वर-खाली करत बारीक केला. टेप लावली. वीस इंच, म्हणजे अर्धा मीटर. एक भागिले अर्धा, दोन. माझा फळा त्या पायरीवर मांडलेला होता.

"आता पाहा," ते मला म्हणाले. "एक गोष्ट, ह्या भिंगाची ताकद पुस्तकाच्या अंतराची हाय. यायचं फूल त्याहून जवळ असते. डोळ्याची सोताची थोडी ताकद उरेल असते, ती धरूनही कमी पडते. अन् दुसरी गोष्ट मोठी. चांद हाय खाली. फूल हाय वर. फुलाकडे पाह्यलं की नजर जाते वरच्या साध्या काचेतून. मंग काकू काय करतात? मान मागं टाकतात, चांद वर आनाले. तरी पुरत नाई. अर्धी कळी चांदातून दिसते, अर्धी साध्यातून."

बाई खाली बसल्या. मान चोळत म्हणाल्या, "म्हंजे डोळे नाई गेले?"

"डोळे जागेवर हायेत. चांद जागेवर नाई."

माझ्या डोळ्यांसमोर ते शिबिरातलं कार्ड आलं. बाईंनी ते बरोबर धरलं होतं. त्यांच्या फुलाच्या जागी, फुलाच्या उंचीला. आणि मी हसं होतंय म्हणून ते खाली ओढलं होतं. तपासणाऱ्यानं बिचाऱ्यानं विचारलंसुद्धा होतं की काम करताना धरता तसं धरा.   परतीच्या बसमध्ये सांगून टाकलं, "बाई, चूक माझी आहे. मी तुमचा हात खाली ओढला."

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुले कुठं मालूम, फूल कुठं असते ते. तू कवा जाळीत आली का?"

रागानं नव्हत्या बोलल्या. म्हणूनच जास्त लागलं.

चष्मेवाल्यांनी त्या दिवशी नंबर स्वतः वाढवला नव्हता. "नंबर डॉक्टर देईन, मी जागा देतो," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: कामाचं अंतर बारा इंच, नजर वर. त्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी बाईंना पुन्हा तपासलं. या वेळी कार्ड वर धरून. मी बाहेरच बसले. जवळचा नंबर अडीच निघाला. शुक्रवारी या, चष्मेवाले म्हणाले, आणि येताना फूल घेऊन या.

शुक्रवारी बाईंनी ओल्या फडक्यात एक अख्खा घड गुंडाळून नेला. चष्मेवाल्यांनी भिंगं उलटी बसवली होती, चांद वर. मला वाटलं, नुसती फिरवली असतील. तर म्हणाले, नाही, उजव्या डोळ्याची डावीकडे आणि डाव्याची उजवीकडे पण घातली. जवळ पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, म्हणून चांद मधोमध नसतो, थोडा नाकाच्या बाजूला असतो. भिंग नुसतं उलटं केलं की चांद कानाकडे जातो आणि डोळे भिंगाच्या मध्यातून न पाहता कडेतून पाहतात, डोकं दुखतं. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना काहीच नव्हता म्हणून अदलाबदल जमली. हे सगळं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही शहाणपणा मिरवल्याचा भाव नव्हता. पोळी लाटताना पिठाचं सांगावं तसं सांगत होते.

छताला पंख्याचा एक जुना हूक होता. त्याला सुतळी बांधून त्यांनी तो घड लटकवला, बाईंच्या कपाळाच्या थोडा वर. बाईंनी चष्मा घातला. मान सरळच राहिली. फक्त बुबुळं वर गेली. कमरेचा चिमटा काढला, आज स्वतःचाच, सकाळी धाकट्या सुनेकडून परत घेतलेला, आणि एक कळी धरली.

चीर. ओढा. सुळकी बाहेर.

दुसरी. तिसरी. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही चष्मेवाल्यांनी हातानंच थांब म्हटलं. पाचव्या कळीनंतर बाईंनी चिमटा खाली घेतला आणि समोर पाहिलं, तर तिथं साधी काच, म्हणून जिना स्वच्छ दिसला. खाली पाहिलं, पायही दिसले. चष्मेवाले त्या उघडलेल्या कळ्या आपल्या मोठ्या भिंगातून पाहत होते. म्हणाले, "काकू, चाळीस वर्षं मी बारीक काम करून राह्यलो. हे मले जमलं नसतं." दोन कारागीर एकमेकांसमोर उभे होते आणि मी मधे, हातात रिकामं फडकं घेऊन. मला दोघांबद्दल इतका आदर वाटला की काय बोलावं सुचेना, आणि मला न सुचणं हे घरात कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

पुढचा मंगळवार उजाडला. सुपरवायझर यायचा होता. मी पुन्हा रजा टाकली, या वेळी मुख्याध्यापकांना कुरकुरायला वेळच दिला नाही.

तो आला आणि थेट वरच्या घडांना भिडला. पहिल्याच फुलात वाळलेला पुंकेसर. दुसऱ्यात पण. त्यानं मान हलवली.   म्हटलं, संपलं, चांद वर नेऊनही काही उपयोग झाला नाही.

बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "धागा पाह्य भाऊ. तो पिवळा हाय."

पावडर लावून झालेल्या फुलाला लोकरीचा धागा बांधायची रीत आहे, कुठलं झालं कुठलं राहिलं ते कळावं म्हणून. आतापर्यंत सगळा प्लॉट पिवळ्या धाग्याचा होता. शुक्रवारी चष्मा घेऊन आल्यावर बाईंनी कुणालाही न सांगता धागा बदलला होता. नवीन चष्म्यानं केलेल्या प्रत्येक फुलाला लाल. "आता लाल पाह्य," त्या म्हणाल्या.

सुपरवायझरनं लाल धाग्याचं एक फूल पाहिलं. मग दुसरं. मग एक अख्खी ओळ. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तिथली. एकाही लाल फुलात नर नव्हता. मी माझ्या प्रयोगशाळेत पोरांना सांगून सांगून थकते की एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तेच ठेवा आणि मग फरक मोजा. चौथी शिकलेल्या माझ्या जाऊबाईंनी ते लोकरीच्या धाग्यावर करून दाखवलं होतं.

सुपरवायझरनं हातातलं लाल धाग्याचं फूल सोडलं. म्हणाला, "लाल चालतीन काकू. प्लॉट राहीन. पन वरचे पिवळे ज्याच्यात नर दिसन ते तोडा लागतीन. मी काई सगळे पाहू शकत नाई, तुमच्यावर सोडतो." आणि मोटरसायकल काढून गेला.

बायांना हायसं वाटलं, चहा झाला, हसणं झालं.   ऊन कलल्यावर बाई एकट्याच टोपलं घेऊन पहिल्या ओळीला लागल्या. मी मागोमाग गेले. त्या पिवळ्या धाग्याची बोराएवढी हिरवी फळं तोडत होत्या. त्यांचीच फळं, त्यांच्याच हातची, महिनाभराची मेहनत. तोडता तोडता माझ्याकडे न पाहता बोलल्या.

"मले वाटलं, मी संपली. आता भाकरी थापाची अन् पोराले पाहाचं. दुसरं काई येते का मले? हे एक येते. ते बी गेलं तर मी कोन?"

 मी त्यांच्या हातातलं टोपलं घेतलं. टोपलं भरत चाललं होतं आणि मला ते पाहवेना. एक फळ चांगलं टपोरं होतं. मी ते नीट निरखून पाहिलं, उलटून पाहिलं, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. म्हटलं, "हे राहू द्या ना बाई. चांगलं तर आहे. एवढ्यात कुणाला काय कळतंय? तो पाहायलाही येणार नाही."

बाईंनी बुबुळं वर करून चांदातून त्या फळाच्या देठाशी पाहिलं. तिथं वाळलेल्या पाकळीला केसाएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांनी फळ तोडलं आणि माझ्या टोपल्यात टाकलं.

"पहिले दिसत नव्हतं मले," त्या म्हणाल्या. "आता दिसून राह्यलं ना."